म्हशीच्या नावावर

येसूबाई न्हाणीत गेल्या त्याला अर्धा तास होऊन गेला, तेव्हा शालननं दारावर थाप मारली.

"आये, बरा हाय ना?"

"मेले नाय अजून. जा, भात बघ जा."

आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. पण सून म्हणून नऊ वर्षं काढलेल्या शालनला तो कुठंतरी खोटा वाटला. सासूची आंघोळ म्हणजे चार तांबे पाणी आणि चार शिव्या. एवढा वेळ त्या न्हाणीत कधी रमल्या नव्हत्या.

याचं मूळ चार दिवसांपूर्वीच्या सभेत होतं. तळकोंडच्या शाळेच्या पडवीत आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी बायकांना जमवलं होतं. पाणी उकळून प्या, पोरांना डोस पाजा, हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "आता एक महत्त्वाचं. प्रत्येकीनं महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी आपली छाती आपल्या हातानं तपासायची. गाठ लागली तर लपवायची नाही." पडवीत एकदम पदर तोंडाला गेले. दूध संस्थेच्या सेक्रेटरीची बायको मालन तर एवढी हसली की तिला ठसका लागला. येसूबाई मात्र हसल्या नाहीत. "शी! काय ह्या बोलना! पोरीबाळी बसल्यात हितं," असं म्हणून त्या तरातरा घरी निघून आल्या. आपल्या वाडीतली सगळ्यात करारी बाई उठून गेली म्हटल्यावर सभाही उठली.

पण ऐकलेलं न ऐकलेलं कसं होणार? चौथ्या दिवशी न्हाणीचं दार लावल्यावर येसूबाईंचा हात आपोआप वर गेला. आणि डाव्या बाजूला, आत, काजूच्या बीएवढं काहीतरी हाताला लागलं.

त्यांनी तीन वेळा बघितलं. तिन्ही वेळा ते तिथंच होतं.

आता हे सांगायचं कुणाला? नवरा भिकाजी तीस वर्षं मुंबईच्या गिरणीत राहिलेला. संपात गिरणी सुटली तसा गेल्या वर्षी गावी आला होता. दोघांचा संसार पत्रांतून आणि मे महिन्यातल्या रजेत झालेला. त्याच्याशी बोलायचे विषय म्हणजे भात, आंबा आणि मुंबईहून आणलेली म्हैस बिजली. सुनेला सांगावं तर ती घाबरून मुंबईला नवऱ्याला तार करेल. नर्सबाईंकडे जावं, तर सभेतून उठून आलेलं तोंड घेऊन कसं जाणार?

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पहाटे गोठ्यात बिजलीची धार काढताना मात्र त्यांना रस्ता दिसला.

मंगळवारी तळकोंडात गुरांचा डॉक्टर येत असे. दूध संस्थेच्या मागच्या खोलीत तो दोन तास बसायचा. डॉक्टर मगदूम सांगलीकडचा, सत्तावीस वर्षांचा, अजून लग्न न झालेला. उधळलेल्या रेड्याच्या शिंगांना हात घालताना त्याला कुणी डगमगताना बघितलं नव्हतं. येसूबाई सगळी गर्दी ओसरेपर्यंत बाहेर थांबल्या आणि मग पदर डोक्यावर नीट घेऊन आत गेल्या.

"बोला मावशी. काय तक्रार?"

"माजी नाय. म्हशीची."

"म्हशीचीच असणार की. माणसं कोण आणतंय माझ्याकडं?" डॉक्टरनं वही उघडली. "काय होतंय तिला?"

"कासेत गाठ हाय."

"कुठल्या सडाला?"

"डाव्या."

"डाव्या म्हणजे पुढच्या का मागच्या?"

येसूबाई थांबल्या. सकाळीच त्यांनी बिजलीची धार काढली होती, पण या घटकेला म्हशीला चार सड असतात हे त्यांच्या पार डोक्यातून गेलं होतं.

"डावी म्हंजे डावी," त्या चिडून म्हणाल्या. "दोनातली डावी."

डॉक्टरची पेन्सिल थोडी थबकली. "दूध किती देती?"

"आटला."

"कधी?"

"तेवीस वरसां झाली."

"वेतं किती झाली?"

"चार. एक गेला," येसूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा खाली गेला.

डॉक्टरनं पेन्सिल खाली ठेवली. तरी वहीत एक रकाना रिकामा होता, म्हणून त्यानं विचारलं, "म्हशीचं वय?"

"एक्कावन्न."

डॉक्टरचे कान हळूहळू लाल झाले. मग तो उठला, येसूबाईंकडे पाठ करून भिंतीवरच्या लाळ-खुरकुताच्या तक्त्यासमोर उभा राहिला, आणि त्या तक्त्याला विचारावं तसं म्हणाला, "दुखतं का म्हशीला?"

"नाय."

"म्हशीनं घरात कुणाला सांगितलंय?"

"म्हस कशी सांगंल? तिला लाज वाटते."

"मावशी," डॉक्टर तक्त्यालाच म्हणाला, "मी हजारभर जनावरं बघितली. जनावर लाजत नाही, म्हणून त्याचं दुखणं लवकर कळतं. म्हशीला सांगा, सगळ्या गाठी वाईट नसतात. पण कुठली वाईट नि कुठली चांगली, हे घरी बसून देवालापण कळायचं नाही. हिला रत्नागिरीला न्यायला लागंल. सिव्हिलमध्ये बाई डॉक्टर आहेत. मी चिठ्ठी देतो."

"एस्टीत घेतील म्हशीला?"

"घेतील की. तिकीट मात्र पूर्ण पडंल."

येसूबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. चिठ्ठीची घडी त्यांनी पदराच्या टोकाला बांधली आणि त्या बाहेर पडल्या. गाठ लागल्यापासून पहिल्यांदा त्यांना छाती भरून श्वास घेता आला.

पण मधली भिंत कुडाची होती, आणि पलीकडे सेक्रेटरी रघू दुधाचे कॅन धूत बसला होता. त्याला सगळं ऐकू आलं नाही. आलं ते एवढंच: 'म्हशीच्या कासेत गाठ' आणि 'रत्नागिरीला न्यायला लागंल.'

रघू हा माणूस वाईट नव्हता. संस्था उभी राहावी म्हणून तो पहाटे चारला उठत असे. पण ज्या म्हशीला रत्नागिरीपर्यंत न्यावं लागतं, तिचा रोग साधा असणार नाही, हे कुणाही सेक्रेटरीला कळलं असतं. संध्याकाळी भिकाजी कॅन घेऊन आला तेव्हा रघूनं मापाला हात लावला नाही.

"भिकाजीदा, तुमचा दूध नको."

"का रे? पानी हाय त्यात?"

"पान्यापरीस वंगाळ. बिजलीला दगडी झालीय. कासेत गाठ हाय."

"कोन बोलला?"

"वहिनी सवता सांगून गेली डॉक्टराला. मी हितं बसलो होतो."

भिकाजी कॅन घेऊन तसाच परत आला. बिजली त्याचा जीव की प्राण होती. गिरणीनं तीस वर्षांत त्याला जे दिलं ते सगळं त्यानं या म्हशीत घातलं होतं. त्यानं गोठ्यात बसून कास चारी अंगांनी चाचपली. गाठ सापडली नाही. पुन्हा चाचपली. तिसऱ्यांदा चाचपायला लागला तेव्हा बिजलीनं त्याला लाथ मारून शेणात बसवलं.

"गाठ कुठं हाय?" घरात येऊन त्यानं बायकोला विचारलं.

येसूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात परातीवरच थांबला. "मला वाटला," त्या म्हणाल्या. "हाताला लागल्यासारका झाला."

"आनि मला न सांगता डॉक्टराकडं?"

"तुमी काय डॉक्टर हाव?"

बुधवारी सकाळी भिकाजीनं दुधाचा तांब्या घेतला, संस्थेच्या दारात उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत कच्चं दूध घटाघटा प्यायला. "बघा! मेलो का?" संध्याकाळी पुन्हा प्यायला. मुंबईत तीस वर्षं चहावर काढलेल्या पोटाला एवढं दूध कसं झेपावं? गुरुवारी तो दिवसभर माळावर ये-जा करत राहिला, आणि गाव म्हणालं, "बघितलात? लागण झाली."

मग गोष्ट कुणाच्या हातात राहिली नाही. पऱ्यावर बिजलीला कुणी पाण्यात उतरू देईना. दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरनं ऐकलं, त्यानं ते पुढच्या चार गावांत सांगितलं, आणि गुरुवारी संध्याकाळी वरून निरोप आला की तळकोंडचं दूध चौकशी होईपर्यंत घेऊ नये. बावीस घरांच्या चुलीवर नासायच्या आधी दूध आटत बसलं. पोरांना सकाळ-संध्याकाळ खीर, बासुंदी, खवा. दुसऱ्याच दिवशी पोरं नाचणीची भाकरी मागायला लागली.

येसूबाई हे सगळं बघत होत्या. रत्नागिरीला जायचं कसं, हेही त्यांना सुचत नव्हतं, कारण आता कुठंही निघाल्या की "म्हशीचा काय?" असं विचारत चार जणं मागं येत. पदराच्या टोकाला चिठ्ठी होती. न्हाणीत रोज हात वर जात होता, आणि काजूची बी रोज तिथंच होती.

शुक्रवारी संस्थेच्या अंगणात मीटिंग बसली. डॉक्टर मगदूमला खास बोलावून आणलं. बिजलीला सगळ्यांसमोर खुंटाला बांधलं. डॉक्टरनं कास तपासली, दूध काळ्या कपड्यावर पिळून बघितलं, आणि उभा राहिला.

"म्हैस ठणठणीत आहे."

"मग मंगळवारी गाठ होती ती कुठं गेली?" रघूनं विचारलं. "तुमीच बोललात ना, रत्नागिरीला न्यायला लागंल म्हनून? मी माज्या कानांनी ऐकलाय."

डॉक्टरनं बायकांच्या घोळक्याकडे बघितलं नाही. चुकूनसुद्धा बघितलं नाही. त्यानं चष्मा काढून पुसला.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "निदान चुकलं माझं. म्हैस न बघताच बोललो."

अंगणात गलका उठला. न बघता बोलला? बावीस घरांचं दूध घालवलं आणि म्हणे चूक झाली! कुणी म्हणालं, जिल्हा परिषदेला अर्ज करा. कुणी म्हणालं, ह्याला म्हशीतलं काय कळतंय, बदली करा ह्याची. मागून एक म्हातारा ओरडला, "पोरगा शिकला का चिठ्ठी मारून पास झाला?" डॉक्टर मान खाली घालून उभा होता. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

येसूबाई बायकांच्या मागच्या रांगेत, पेंढ्याच्या उडवीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या. शालननं त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवला. पुढं येऊन त्या डॉक्टरच्या आणि म्हशीच्या मधे उभ्या राहिल्या.

"डॉक्टर चुकला नाय," त्या म्हणाल्या. "म्हशीलापन काय झालेला नाय. गाठ माज्या छातीत हाय."

बिजलीनं शेपटीनं माश्या हाकलल्या.

"नर्सबायनं सांगितला तसा मी हात लावून बघितला, तर गाठ लागली. मला लाज वाटली, म्हनून मी म्हशीचा नाव पुढं केला. ह्या पोरानं वळखला. वळखून गप ऱ्हायला. आता शिव्या खातोय तरी गप हाय. कुनाला अर्ज करायचा आसंल तर माज्या नावानं करा."

एवढं बोलून झाल्यावर त्यांनी हात मागं नेला. आधाराला हाताशी म्हैसच होती. त्यांनी तिच्या पाठीवर हात टेकला.

भिकाजी उठला. तीन दिवसांत तो बराच वाळला होता. लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या त्या माणसानं बायकोकडे बघितलं. मग तो अंगणाकडे वळून ओरडला, "ऐकलात ना? मग उठा आता! माजी बायको उभी हाय आनि तुमी बसलाय काय?"

आणि खरोखरच सगळं अंगण उठून उभं राहिलं. कशासाठी उठलो हे बऱ्याच जणांना नंतर सांगता आलं नाही.

शनिवारी सकाळी येसूबाई आणि शालन सातच्या एस्टीला स्टॉपवर आल्या, तर तिथं आधीच सहा बायका उभ्या होत्या. शेजारची चिमा होती, येसूबाईंच्या दोघी जावा होत्या, मालनसुद्धा होती.

"तुमी कुठं गो?"

"बाजाराला," चिमा म्हणाली.

"मला साडी बघायची हाय," मालन म्हणाली. "आलेच हाय तर तुमाला सोबत."

रत्नागिरीतला बाजार धनजी नाक्याला होता. पण बायका येसूबाईंच्या मागोमाग उतरल्या आणि सिव्हिलच्या बाकावर एका ओळीत बसल्या. आतून नाव पुकारलं तेव्हा येसूबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि पडद्याआड गेल्या. बऱ्याच वेळानं पडदा हलला.

"काय झाला गो?" सहाजणी एकदम.

"पानी साठलेला. सुयेनं वढून काढला. गाठ गेली." येसूबाई बाकावर बसल्या आणि बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते त्यांनी पदरानं पुसलं. "दर महिन्याला बघत ऱ्हा, बोलली. डॉक्टरनीचे हात गार असतात, येवढाच. दुसरा काय नाय."

मग त्यांनी ओळीकडे नजर टाकली. "आता आलाय तर जा एकेक. चिमा, ऊठ."

चिमा गेली आणि हसत आली. जावा एकमेकींना ढकलत गेल्या. मालन पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

"मी सोबतीला आले. मला काय झालाय?"

"मलापन काय झाला नव्हता," येसूबाई म्हणाल्या, आणि तिच्या मांडीवरची पिशवी काढून घेतली. "जा."

मालन आत गेली ती लवकर बाहेर आली नाही; मधेच शालनलाही आत बोलावलं. आली तेव्हा तिच्या हातात कागद होता. ज्या बाईच्या हसण्यानं शाळेची पडवी दणाणली होती, तिनं तो येसूबाईंपुढं धरला. गाठ चिंचोक्याएवढी, टणक, हलत नाही. पाणी नाही. मुंबईला परळच्या मोठ्या इस्पितळात जावं लागेल, लगेच. उशीर झालेला नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं. मालनला त्यातलं एकदाचंही ऐकू गेलं नव्हतं. ते शालननं ऐकलं होतं, आणि परतीच्या एस्टीत ती तेच तेच मालनला सांगत राहिली. तळकोंड येईपर्यंत येसूबाईंनी मालनचा हात सोडला नाही.

सोमवारी रघूनं संस्थेची किल्ली भिकाजीच्या हातात दिली आणि बायकोला घेऊन मुंबईला गेला. जाताना तो येसूबाईंच्या ओटीवर आला. "वहिनी, मी त्या दिवशी..." एवढंच तो म्हणाला.

"बरा झाला ऐकलास तो," येसूबाई म्हणाल्या. "नायतर मी अजून न्हानीतच बसले असते. जा आता, गाडी चुकंल."

भिकाजीनं अडीच महिने संस्था चालवली. मृगाच्या तोंडावर एके दुपारी दोनच्या एस्टीनं रघू आणि मालन परत आले. स्टॉपवर आंब्याच्या रिकाम्या पेट्या उतरत होत्या. निम्मं गाव तिथं होतं. मालन दारात आली. वाळली होती, केस विरळ झाले होते, डाव्या अंगावर पदर घट्ट लपेटलेला. पुरुषमंडळी आदरानं बाजूला झाली. एकानं पावसाचा विषय काढला, दुसऱ्यानं भाताच्या पेरणीचा.

येसूबाई गर्दी बाजूला सारत पुढं आल्या. त्यांनी मालनला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं आणि स्टॉपच्या पलीकडच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय गो, छाती कशी हाय?"

रघूच्या हातातली ट्रंक खाली आली. डॉक्टर मगदूम सायकल घेऊन तिथूनच चालला होता, तो थांबला. मालननं सगळ्या गावाकडे एकदा बघितलं. मग तिच्या वाळलेल्या तोंडावर ते जुनं हसू पसरत गेलं.

"एक तिकडं ठेवून आले," ती तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली. "दुसरी धडधाकट हाय. बायांनू, तुमी बघताव ना दर महिन्याला?"

"बघतो, बघतो!" स्टॉपवरच्या सगळ्या बायका ओरडल्या.

तिथले झाडून सगळे पुरुष त्या क्षणी एस्टीच्या मागच्या टायरकडे एकाग्रपणे बघत होते. कंडक्टरनं दारातून हात घालून घाईघाईनं घंटीची दोरी ओढली, ड्रायव्हरनं गाडी पुढं काढली, आणि पंचवीस पावलांवर ती पुन्हा थांबली. कंडक्टर स्वतःच खाली राहिला होता.